आईने आणलेली स्लाइड

शुक्रवारी सकाळी भावाचा फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. आई रात्रीच विमानात बसली, व्हीलचेअर वेळेवर मिळाली, जेवण शाकाहारीच सांगितलंय, असं सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आणि ताई, तुझी स्लाइड आईबरोबर पाठवलीय. बघ कशी झालीय."

मी कोथिंबीर खाली ठेवली आणि त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आनंदाने.

स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग, गोळी सुटली की मागेपुढे सरकतो तो. आणि माझी आई पंच्याहत्तरीच्या पुढची, साखरेची गोळी घेणारी, ती तो भाग बॅगेत घालून मस्कतला येत होती. विमान कधीच उडालं होतं.

हे असं कसं झालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी मस्कतमध्ये पंप आणि त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग वाचते, कुठला सील कुठे बसेल ते बघते. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत होते आणि रायफल बरी चालवायचे. नंतर लग्न, ओमान, नोकरी, मुलीची शाळा, आणि मग ती शिकायला निघून गेली. इथे आमच्यासारख्या परदेशी माणसाला हत्यार बाळगता येत नाही, आणि मला ते बाळगायचंही नव्हतं. मला ते आखायचं होतं.

धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी बाहेर आणि लेथ आत. तो राहतो तिथे स्वतःपुरतं पिस्तूल जुळवायला कायद्याने परवानगी आहे, आणि कागदपत्रांच्या बाबतीत तो नीट आहे. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने त्याचं नवीन पिस्तूल दाखवलं, तर मी म्हटलं, ही मूठ माझ्या हातात मावणार नाही. सगळी पिस्तुलं पुरुषांच्या पंज्यांसाठीच केलेली असतात का? तो म्हणाला, मग तुला हवं तसं सांग, मी करतो. तिथून ते सुरू झालं. आखणी माझी, हात त्याचे. वस्तू त्याच्या नावावर, त्याच्या घरात, त्याच्या कपाटात राहणार. कधीतरी मी तिकडे जाणार, त्याच्या रेंजवर चार गोळ्या झाडणार आणि परत येणार. बस.

दर शुक्रवारी आम्ही त्यावर बोलायचो. मी तळहाताचा आकार कागदावर काढून पाठवला. वजन पुढे जास्त की मागे, नेम धरायची समोरची माशी किती जाड, स्लाइड ओढायला मागे खाचा किती आणि कुठल्या कोनात. माझ्या बोटांत आता पूर्वीसारखा जोर नाही, त्यामुळे खाचांवर मी फार वाद घातला. भावाला नळी सोनेरी हवी होती. मी सांगितलं, हे बँडवाल्याचं सामान नाही, काळीच ठेव. नवरा याला 'तुझं कागदी पिस्तूल' म्हणायचा आणि चहा करायला उठायचा.

मुठीच्या दोन बाजूंना लाकडी पट्ट्या लागतात. त्या मला इथल्या लाकडाच्या हव्या होत्या. आमच्या वादी कबीर भागातल्या वर्कशॉपांत एक सुतार आहे, त्याच्याकडे बोरीच्या लाकडाचा वाळलेला तुकडा मिळाला. इकडे बोरीला सिद्र म्हणतात, लाकूड घट्ट असतं. आई तेव्हा आमच्याकडून पुढे भावाकडे निघाली होती. तो तुकडा मी तिच्या बॅगेत घातला. तिकडच्या विमानतळावर तिला विचारलं, हे लाकूड कशाला? तिने सांगितलं, मुलगा मूठ करणार आहे. त्यांनी उलटंपालटं करून बघितलं, कीड नाही म्हणाले आणि सोडलं. आईने हे नंतर आम्हाला दोनदा ऐकवलं. खरं सांगितलं की कोणी काही करत नाही, असं तिचं म्हणणं. ती शाळेत शिक्षिका होती.

आता आमच्या लोकांची एक पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं. इथे कोणी पुण्या-मुंबईला निघालं किंवा तिकडून यायला निघालं की बातमी आधी फिरते. मग प्रत्येकाचं काहीतरी पाठवायचं असतं. मेतकूट, चष्मा, कुकरची रबरी रिंग, कोणाची थायरॉइडच्या गोळ्यांची पाकिटं, कोणाच्या जाऊबाईंची मॅचिंग ब्लाउजं. पुडकं खाकी टेपने चारही बाजूंनी बांधलेलं, वर नाव आणि फोन नंबर. नेणारा फक्त एकच विचारतो, वजन किती? आत काय आहे हे विचारणं म्हणजे देणाऱ्यावर शंका घेणं. सलालाहहून आलेले नारळ असोत की सूरहून पाठवलेले सुके मासे, आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांची पुडकी न उघडता वाहिली आहेत. मीही वाहिली आहेत. भाऊ अमेरिकेत गेला तरी ही पद्धत बरोबर घेऊन गेला. आई निघाली, बॅगेत जागा होती, ताईचं सामान तयार होतं.

फोनवर मी त्याला विचारलं, तुला डोकं आहे का?

"अगं, ती गन नाहीये, पार्ट आहे," तो म्हणाला. "इथे खालची फ्रेम म्हणजे गन. स्लाइड पोस्टाने घरी येते, चहाच्या कपासारखी."

मी म्हटलं, इथे तुझा चहाचा कप नाही चालत. इथे हा भाग बॅगेत सापडला तर तो हत्याराचाच भाग. आणि पुढे आई पुण्याला जाणार, तिथेही तेच.  तो हळूच म्हणाला की तुला फक्त एकदा हातात धरायला मिळावी म्हणून पाठवली, नंतर तू कोणाबरोबर तरी परत पाठवली असतीस. त्याच्या आवाजावरून कळलं की आत्ता कुठे त्याच्या डोक्यात शिरतंय. नंतर त्यानेच शोधलं, तर तिकडूनही असा भाग परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. हे त्याला माहीत नव्हतं. त्याने फक्त घरी पोस्टाने काय येतं तेवढंच बघितलेलं.

आईला काय सांगितलंय, हे मी शेवटी विचारलं. ताईच्या कामाचा पार्ट आहे असं सांगितलं, म्हणाला. म्हणजे आईला वाटत असणार पंपाचं काहीतरी. तेवढी एक गोष्ट मला बरी वाटली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते घडी करून बाजूला ठेवलं, जे तो कधीच करत नाही. पहिल्यांदा म्हणाला की गप्प बसू, लोखंडाचा तुकडा आहे, कोण ओळखणार. मी विचारलं, ज्या माणसाचं दिवसभर बॅगांचे एक्सरे बघायचं काम आहे तो पिस्तुलाची वरची बाजू ओळखणार नाही? मग म्हणाला, पंपाचा पार्ट म्हणू. मी म्हटलं, मी पंप विकते, असा पार्ट कुठल्याच पंपात नसतो, आणि खोटं पकडलं गेलं की प्रश्न पार्टचा राहणार नाही. बॅग आईच्या नावावर होती. व्हिसा आमच्या हमीवर होता. पोलिसांच्या खोलीत खुर्चीवर बसलेली आई, पर्समध्ये साखरेच्या गोळ्या, आणि तिला काही कळत नाहीये, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. वाटेतल्या विमानतळावरच बॅग उघडली गेली तर काय, हाही विचार आला, पण तिथे माझा हात पोचत नव्हता. म्हणून तो बाजूला ठेवला.

मी आमच्या ऑफिसच्या मंदूबला फोन केला. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा ओमानी माणूस. व्हिसा, लेबर कार्ड, कस्टममधून माल सोडवणं हे त्याचंच काम, आणि विमानतळावर त्याची ओळख आहे. तो नमाजाला निघायच्या तयारीत होता. मी शांतपणे सगळं सांगितलं. 

"मॅडम," तो म्हणाला, "तुम पंप का काम करता. पिस्तौल काय को करता?"

मी म्हटलं, शौक आहे. त्यावर त्याने अरबीत काहीतरी पुटपुटलं, त्याचा अर्थ मी विचारला नाही. असं प्रकरण त्याने कधी हाताळलं नव्हतं, हे त्याने स्पष्ट सांगितलं. पण एक गोष्ट त्याला नक्की वाटत होती. बॅग मशीनमध्ये जायच्या आधी आपण होऊन सांगायचं. त्यांनी विचारल्यावर सांगितलेलं आणि आधी सांगितलेलं यांत फरक पडतो. वस्तू काय, कोणी पाठवली, कशासाठी, सगळं खरं. आणि आईला माहीत नव्हतं हे ठासून सांगायचं. नमाज झाली की येतो, खलास, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दुपारी आम्ही तिघं विमानतळावर होतो. मंदूब कडक इस्त्रीच्या पायघोळ पांढऱ्या दिशदाशात, माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता. त्याने दारावरच्या पोलिसाशी बोलून आम्हाला बाजूच्या दाराने कस्टमच्या खोलीत नेलं. तिथला अधिकारी तरुण होता, दाढी नीट कापलेली. मंदूबने अरबीत सगळं मांडलं. अधिकारी ऐकत होता आणि माझ्या नवऱ्याकडे बघत होता. पिस्तुलाचा शौकीन तोच असं धरून त्याने नवऱ्याकडेच पासपोर्ट मागितला. नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्याने माझ्याकडे, माझ्या सुती पंजाबी ड्रेसकडे, हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. मंदूबने पुन्हा सांगितलं. मग त्याने माझा पासपोर्ट घेतला.

मी इंग्रजीत सांगितलं: वस्तू माझ्यासाठी आहे, मी मागवलेली नाही, भावाने पाठवली, मला आज सकाळी कळलं, माझ्या आईला यातलं काही माहीत नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं.

विमान उतरलं. खूप वेळाने आई व्हीलचेअरमधून आली, मांडीवर पर्स, पायांत स्पोर्ट्स शूज, अंगात भावाचं जुनं जाकीट. आम्हाला इतक्या आत आलेलं बघून तिला आनंद झाला. "आत येऊ दिलं तुम्हाला? वा," असं म्हणून तिने अधिकाऱ्याकडे बघून मान डोलावली, जणू त्याने आमची खास सोय केली होती.

बॅग मशीनमधून गेली. पडद्यावर मला सगळं स्पष्ट दिसलं. डबे, बुटांची जोडी, आणि मधोमध ती. तिचा आकार मी इतक्या वेळा काढला होता की पडद्यावरही लगेच ओळखू आला. एकाने बॅग उघडली. पुडकं आईच्या परकरात गुंडाळलेलं होतं, वर खाकी टेप, चारही बाजूंनी, भावाच्या अक्षरात माझं नाव. टेप कापली. अधिकाऱ्याने रबरी हातमोजे घालून ती उचलली आणि टेबलावर ठेवली.

मी तिला पहिल्यांदाच बघत होते. काळी, कडा हलक्या घासलेल्या, मागच्या खाचा मी म्हटलेल्याच कोनात. डाव्या बाजूची मागची कड मात्र जरा जाड राहिली होती. तशा वेळीही ते माझ्या लक्षात आलं.

मग अधिकारी खाली वाकला, आईच्या खुर्चीजवळ आला आणि स्वच्छ हिंदीत म्हणाला, "अम्मा, ये क्या है, आपको मालूम है?"

मस्कतमध्ये कितीतरी ओमानी लोक हिंदी बोलतात. इतकी वर्षं इथे काढली, बाजारात रोज त्यांच्याशी हिंदीच बोलते. तरी त्या खोलीत ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पण त्याचीही भीती नव्हती. आई म्हणणार होती, मशीनचा पार्ट.

"मालूम है ना," आई म्हणाली. "पिस्तौल का ऊपर का ढक्कन है. मेरी बेटी का. बेटी ने नक्शा बनाया, बेटे ने काटा. बहुत मेहनत किया."

 मंदूबने डोळे मिटले. नवऱ्याने माझा दंड धरला. टेबलावरच्या कागदावर अजून माझंच वाक्य होतं की आईला काही माहीत नाही.

मी मराठीत, दात न उघडता, म्हटलं, आई, गप्प बस.

"का?" ती मोठ्याने म्हणाली. "मी सहा महिने गॅरेजात त्याच्याजवळ बसून बघितलंय. मला काय पंपाचा पार्ट सांगतो तो."

अधिकारी सरळ झाला. त्याने कागद उचलला, माझं वाक्य वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की मला खरंच वाटत होतं तिला माहीत नाही.  त्याने आईला विचारलं, मग आणलं का? आईने त्याला समजावलं, वर्गात समजावते तसं. गोळी नाही, नळी नाही, खालचा भाग नाही, नुसतं ढक्कन आहे, याने कोणाला लागत नाही. जाताना लाकूड नेलं होतं तेव्हा तिकडच्यांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी सोडलं. तुम्ही विचारलं, मी सांगितलं. तुम्हाला ठेवायचं तर ठेवा.

"रखेगा, अम्मा," तो म्हणाला.

त्यानंतरचे तास मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. वरचा अधिकारी आला. माझा जबाब नव्याने लिहिला गेला, या वेळी आईच्या माहितीचं वाक्य खरं लिहून. आईचाही जबाब, तिने हिंदीत दिलेला, अरबीत उतरवलेला, वर तिची सही. मंदूब आता माझ्याशी बोलायला लागला होता. तो म्हणाला, आपण आधी सांगितलं होतं की ती वस्तू बॅगेत आहे, कोणाची आहे, कोणी पाठवली, आणि आईने कोणी न पढवता नेमकं तेच सगळं सांगितलं. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली, एवढंच आपल्या बाजूला आहे. कोणीतरी आईला पाणी आणि खजूर दिला. तिने खजुराला नको म्हटलं, साखर आहे, आणि मग एक खाल्ला. माझा पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. आईचा परत दिला.

आईचा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये परत गेला आणि पर्सची चेन मी स्वतः लावली.

 घरी आल्यावर मी तिला विचारलं, कळत होतं तर का आणलंस? तिने बुटांच्या लेस सोडत सांगितलं की त्याने इतकं मनापासून केलं होतं, नाही कसं म्हणायचं. आणि बॅगेत जागा होती.

पुढे मला दोनदा बोलावलं. ऑफिसने हमी दिली. ती देताना आमच्या मॅनेजरने माझ्याकडे बघायचं टाळलं. कित्येक आठवडे मी फोन वाजला की दचकायचे. शेवटी पुन्हा असं होणार नाही असं लिहून घेऊन त्यांनी पासपोर्ट दिला आणि प्रकरण मिटवलं. स्लाइड त्यांच्याकडे राहिली. नवरा एवढंच म्हणाला की कागदी होतं तेव्हा बरं होतं. भावाला मी त्याच दिवशी सांगून टाकलं की दुसरी करू नकोस. बाकीचं पिस्तूल त्याच्या कपाटात तसंच आहे, सिद्रच्या मुठीसकट, वरच्या भागाशिवाय. आता आम्ही शुक्रवारी त्याच्या सुरणाच्या कंदांबद्दल बोलतो. अमेरिकेत सुरण लावलाय त्याने.

माझा पासपोर्ट अजून अडकलेला होता तेव्हाच आई पुण्याला जायला निघाली. आदल्या संध्याकाळी शेजारच्या वहिनी पुडकं घेऊन आल्या, त्यांच्या आईला द्यायचं होतं. खाकी टेप, नाव, नंबर. मी स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि त्यांच्यासमोर टेप कापली. आत सुकं लिंबू, अत्तराची बाटली आणि बाळंतविड्याचं सामान होतं. वहिनींचा चेहरा उतरला. त्या आता आमच्याकडे काही देत नाहीत, आणि वादी कबीरच्या बऱ्याच घरांत ही गोष्ट पोचली आहे. पोचू दे.

आई ते सगळं बघत पलंगावर बसली होती. वहिनी गेल्यावर मी पुडकं पुन्हा बांधत होते, तेव्हा ती म्हणाली, "तू ती हातात तरी घेतलीस का गं?"

"नाही," मी म्हटलं. "हात नाही लावू दिला."

"छान गुळगुळीत होती," आई म्हणाली आणि मला टेपचं टोक धरायला बोट दिलं.